पवना-इंद्रायणीच्या डोहांतील गिऱ्हा, सुसर व देवाचे मासे

मावळांतून उतरून अखेर भीमेस मिळणाऱ्या पवना, इंद्रायणी व भामा या नद्यांच्या कांठीं क्वचितच असें गांव सांपडेल कीं, ज्याच्या शिवारांतील एखाद्या डोहाविषयीं कांहीं बोलवा नाहीं. डोहाचा तळ लागत नाहीं, बाजेचें सुंभ उसवून सोडलें तरी तें पुरलें नाहीं, भर दुपारीं तेथें एकट्यानें उतरूं नये, पाण्यांत ‘कांहीं तरी’ आहे, तें पाय धरतें व खालीं ओढतें, अशा आशयाच्या या कथा असतात. पिंपरी-चिंचवड शहर व चाकणचा कारखान्यांचा पट्टा आज ज्या भूमीवर पसरला आहे, ती भूमि याच तीन नद्यांच्या खोऱ्यांत येते. कारखान्यांच्या भिंतींआड जुनीं गांवें आहेत व गांवांत वृद्ध माणसें आहेत, तोंवर या कथाहि आहेत.

आमच्या संशोधकवर्गांत अशा कथांची दोन प्रकारें वासलात लागते. कांहीं जण त्या भाकडकथा म्हणून सोडून देतात. कांहीं जण त्या दैवतकथा म्हणून जशाच्या तशा उतरून घेतात. पहिल्या मार्गानें पुरावा नष्ट होतो व दुसऱ्यानें तो मुका राहतो. आमच्या मतें तिसराहि एक मार्ग आहे. कथेंतील शब्द, कथेंतील श्रद्धा व त्या पाण्यांत खरोखर राहणारे प्राणी, या तिहींची एकमेकांशीं ताडणी करून पाहावी, हा तो मार्ग होय. तशी ताडणी केल्यास या कथा आपल्या नद्यांच्या गतकालीन जीवसृष्टीविषयीं एक प्रकारची साक्ष देतात, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. डोह

प्रथम डोह म्हणजे काय हें पाहूं. दख्खनचें पठार लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या खडकाच्या थरांचें आहे. हे थर सर्वत्र सारखे कठीण नसतात. पुराच्या पाण्याबरोबर गरगर फिरणारे दगडगोटे मऊ थर कोरून काढतात व नदीच्या तळांत खळगे पडतात. कुकडी नदीवर निघोज येथें असे रांजणखळगे उघड्या खडकांत कोणासहि पाहावयास मिळतात. जेथें असे खळगे एकमेकांस मिळून पात्र खोल झालें, किंवा नदीच्या वळणावर प्रवाहानें कांठ खालून पोखरला, तेथें डोह होतो.

अशा जागीं पाणी वरून संथ दिसतें. पण खडकाची कड संपतांच पाय एकदम खोल पाण्यांत जातो. कपारींत अडकलेलीं झाडाचीं मुळें व ओंडके यांत माणूस गुंततो. पुराच्या वेळीं भोंवरे पडतात. उन्हाळ्यांत तळाशीं कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा वायु बुडबुड्यांच्या रूपानें वर येतो व निश्चल पाणी आपोआप उकळल्यासारखें दिसतें. ‘पाय धरला’ व ‘खालून कोणी श्वास सोडला’ या दोन्ही प्रतीतींस इतकें कारण पुरेसें आहे. त्यांस कोणताहि प्राणी लागत नाहीं.

परंतु डोहाचें महत्त्व धोक्यापुरतेंच नाहीं. मावळांत पाऊस भरपूर पडला तरी धरणांपूर्वीं या नद्या फाल्गुनानंतर जागोजाग तुटत व केवळ डोहांतच पाणी राही. दुष्काळांत तर माणसें, गुरें, मासे, कासवें व शिकारी जलचर या सर्वांचा निवारा तोच. १६३० च्या सुमारास जो भयंकर दुष्काळ पडला व ज्याचा घाला देहूस तुकोबांच्या घरावरहि पडला, तशा वर्षीं माणूस व जलचर एकाच पाण्यावर येऊन भिडले असतील, हें सांगावयास कागदाचा आधार नको. जलचरांच्या कथा नदीभर न पसरतां नेमक्या डोहांशींच कां जखडल्या आहेत, याचा उलगडा यांत आहे.

२. आसरा व गिऱ्हा

या डोहांवर लोकांच्या समजुतीप्रमाणें दोन प्रकारच्या सत्तांचा अंमल आहे. पहिली साती आसरांची. आसरा हा शब्द अप्सरा या संस्कृत शब्दापासून आला हें उघड आहे. डोहाच्या कांठीं शेंदूर लावलेले सात तांदळे, त्यांपुढें हळदकुंकू, हिरव्या बांगड्या व ओटी, ही त्यांची खूण. याच देवतांस मावळांत मावळाया असेंहि म्हणतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पुणें जिल्ह्यांतील मातृदेवतांचीं स्थानें पायीं हिंडून पाहिलीं व १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथांत या जलदेवतांचा संबंध मावळ या प्रदेशनामाशीं व कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेखांत येणाऱ्या ‘मामाल’ या नांवाशीं जोडला. त्यांचें मत ग्राह्य धरल्यास ही उपासना फार जुनी ठरते. आसरा या कोपल्या तर धरतात, पण मूलतः त्या देणाऱ्या देवता आहेत. लग्नकार्यास लागणारीं भांडीं डोह किंवा तळें देत असे व एका लोभी माणसानें एक भांडें परत न केल्यामुळें तें देणें बंद झालें, ही कथा महाराष्ट्रांत अनेक पाण्यांविषयीं सांगितली जाते. मोरया गोसाव्यांस कऱ्हेच्या पाण्यांत गणपतीची मूर्ति लाभली व तिची स्थापना चिंचवडास पवनेच्या कांठीं झाली, ही परंपरा, आणि तुकोबांच्या वह्या इंद्रायणीनें कोरड्या परत दिल्या ही परंपरा, या दोहोंच्या मागें हीच भावना दिसते. पाण्यानें घेतलेलें पाणी परत देतें, असा तिचा भावार्थ आहे.

दुसरी सत्ता गिऱ्ह्याची. बुडून मेलेल्याचें पिशाच्च पाण्यांत राहतें, रात्रीं पाणी उतरणाऱ्यास हांक मारतें, चकवतें व खोल पाण्यांत नेतें, त्यास गिऱ्हा म्हणतात. गिऱ्हा कांहीं देत नाहीं. तो फक्त धरतो. आमच्या मतें त्याचें नांवहि हेंच सांगतें. संस्कृत ‘ग्राहक’ यापासून मराठींत ‘गिऱ्हाईक’ झाला, ‘ग्रहण’ यापासून ‘गिऱ्हाण’ झालें. त्याच रीतीनें ‘ग्राह’ किंवा ‘ग्रह’ यापासून ‘गिऱ्हा’ होणें स्वाभाविक आहे. दोन्ही शब्दांचा धातु एकच, व त्याचा अर्थ धरणें असा आहे. वैद्यकांत मुलांस धरणारे ते बालग्रह. आणि भागवताच्या आठव्या स्कंधांत पाण्यांत गजेंद्राचा पाय धरणारा तो ग्राह. हा ग्राह केवळ जनावर नव्हे. तो हूहू नांवाचा गंधर्व असून देवलाच्या शापानें त्या योनींत आला होता, असें पुराणच सांगतें. म्हणजे पाण्यांत धरणारें जनावर व पाण्यांत धरणारा अमानुष जीव यांची सांगड गजेंद्रमोक्षाच्या कथेंतच घातलेली आहे. आमच्या डोहांतील गिऱ्हा हा त्याच कल्पनेचा देशी वारस असावा, असें आमचें अनुमान आहे.

३. सुसर या शब्दाचा अर्थ

आतां जनावराकडे वळूं. जुन्या मराठी लेखांत व बोलण्यांत पाण्यांतील हिंस्र प्राण्यास बहुधा सुसर म्हणतात. हल्लींच्या प्राणिशास्त्रविषयक मराठी पुस्तकांत मात्र मगर व सुसर यांत भेद करून, लांब व अरुंद जबड्याच्या, मासे खाणाऱ्या घडियालास सुसर हें नांव देण्याची चाल पडली आहे. ही सोय शास्त्रापुरती ठीक. परंतु जुना कागद वाचतांना ती लावल्यास अनर्थ होतो. घडियालाचें मूळ वसतिस्थान सिंधु, गंगा, ब्रह्मपुत्रा व महानदी यांच्या खोऱ्यांत; भीमा-कृष्णेच्या खोऱ्यांतील तो प्राणी नव्हे. तेव्हां या प्रदेशांतील जुन्या लेखांत सुसर आली तर ती रुंद जबड्याची, गुरांस व माणसांस धरणारी मगरच समजली पाहिजे. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हणहि याच अर्थास बळकटी देते. जिच्या तावडींत सांपडलों तिची खुशामत करावी, असा तिचा भाव आहे. केवळ मासे खाणाऱ्या प्राण्याविषयीं अशी म्हण पडली नसती.

शब्दाची व्युत्पत्तिहि लक्षांत घेण्याजोगी आहे. संस्कृत शिशुमार, प्राकृत सुंसुमार, व त्यापासून सुसर. उत्तरेंत याच मूळ शब्दापासून निघालेला सूंस हा शब्द गंगेंतील डॉल्फिनास लावतात. एकच नांव एका खोऱ्यांत सस्तन प्राण्यास व दुसऱ्या खोऱ्यांत सरपटणाऱ्या प्राण्यास लागलें. लोक नांव बरोबर नेतात व नव्या देशांत जो प्राणी भेटेल त्यास तें देतात. यास्तव संस्कृत ग्रंथांतील शिशुमार, मकर, नक्र व ग्राह या शब्दांचा अर्थ तो ग्रंथ कोणत्या देशांत झाला हें न पाहतां ठरवूं नये. देवळांच्या प्रणालांवरील मकर तर सोंड, दाढा व माशाचें शेंपूट यांचें मिश्रण आहे. त्यावरून स्थानिक प्राण्याचें अनुमान मुळींच करतां येत नाहीं.

मगर ही कृष्णेच्या सांगलीकडील पात्रांत आजहि आहे व तेथें माणसें धरल्याच्या घटना घडतात. भीमा ही कृष्णेचीच उपनदी. मगरीची राहणी जाणणाऱ्यास या कथांतील पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील. ती हिवाळ्यांत कांठावर ऊन खात पडते. नदीच्या कांठांत बीळ खोदून त्यांत दडते. पाणी आटलें म्हणजे रात्रीं जमिनीवरून चालत दुसरें पाणी गांठते, व पुरांत वाहून अनपेक्षित स्थळीं येते. ‘डोहांत एके वर्षीं आलें, दोन वर्षें राहिलें व एकाएकीं नाहींसें झालें’ असें वर्णन आढळल्यास तें पिशाच्चापेक्षां मगरीस अधिक शोभतें.

४. मगरीशिवाय इतर उमेदवार

तथापि प्रत्येक कथेंत मगर शोधणें हीहि चूक होईल. या पाण्यांत दृष्टीस चकविणारे आणखी प्राणी आहेत, आणि त्यांतील कित्येकांची शास्त्रीय ओळख जगास प्रथम याच पुण्याच्या परिसरांतून झाली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांस फारशी माहीत नसते.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी माहितीगार म्हणून १८२४ पासून १८३१ पर्यंत दख्खनमध्यें फिरला. त्यानें केलेलीं दख्खनच्या माशांचीं वर्णनें लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या प्रकाशनांत १८३९ व १८४१ सालीं छापलीं गेलीं. मुळा-मुठेंतील महाशीर जातीच्या माशास त्यानें ‘खुद्री’ व घोड नदींतील दुसऱ्या एका मोठ्या माशास ‘मुसुल्ला’ अशीं जातिनामें दिलीं. हीं कोळ्याभोयांच्या तोंडचींच नांवें त्यानें लॅटिन नांवांत गोंविलीं. मुळा-मुठेंतूनच त्यानें आणखी एका माशाचें वर्णन केलें व यारेल या इंग्रज निसर्गाभ्यासकाचें नांव त्यास दिलें. हा मासा चपट्या डोक्याचा, मिशाळ, खवले नसलेला व दगडाच्या रंगाचा असून खडकाशेजारीं तळाशीं पडून राहतो. या गणांतील मासे मोठ्या नद्यांत माणसाएवढे वाढतात. कुमाऊं व नेपाळ यांच्या सीमेवरील काली नदींत माणसें पाण्यांत ओढलीं गेल्याच्या वार्ता पसरल्या, तेव्हां कित्येकांचा संशय याच गणांतील माशावर गेला होता. चिंचवडची पवना ज्या मुळेस मिळते तिच्याच प्रवाहांतील हा मासा आहे.

दुसरा उमेदवार कासव. ग्रे या प्राणिशास्त्रज्ञानें १८७२ सालीं मऊ पाठीच्या एका मोठ्या कासवाचें वर्णन पुण्याच्या नमुन्यावरून केलें व मुंबई इलाख्यांतील डॉक्टर लीथ यांचें नांव त्यास दिलें. या कासवाची पाठ दीड हातापर्यंत भरते, मान लांब असते व नाक लहानशा सोंडेसारखें पुढें आलेलें असतें. अंग पाण्याखालीं ठेवून तें केवळ मान वर काढतें, त्या वेळीं दुरून पाहणाऱ्यास सापानें डोकें वर काढल्याचा भास व्हावा यांत नवल नाहीं. डिवचल्यास त्याचा चावाहि कडक असतो.

तिसरा उमेदवार पाणमांजर. हे प्राणी कुटुंबानें राहतात व एकामागून एक पोहतात. त्यांच्या पाठी ओळीनें वर येतात व बुडतात. पाहणाऱ्यास एकाच लांब प्राण्याचीं वेटोळीं दिसल्यासारखें वाटतें. चौथा अहीर नांवाचा सापासारखा मासा. हा समुद्रांत जन्मतो, नदीनें शेंकडों कोस वर येतो, वर्षानुवर्षें डोहांत वाढतो व अंडीं घालण्यास पुन्हां समुद्राकडे जातो. उजनीसारखीं धरणें झाल्यापासून त्याची ही वाट अडली आहे. पुरांत वाहणारा मुळांसकट ओंडका हा पांचवा. तो निर्जीव असला तरी साक्षीदारांस सर्वांत अधिक फसवितो.

५. एक परदेशीय उदाहरण

येथें स्कॉटलंडमधील नेस सरोवराचें उदाहरण ताडून पाहणें उपयुक्त होईल. सातव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅडोम्नान यानें लिहिलेल्या संत कोलंबाच्या चरित्रांत नेस नदींतील एका हिंस्र जलचराची कथा आहे; संतानें त्यास शब्दानें परतविलें, असा तिचा आशय. त्यानंतर १९३३ सालीं सरोवराच्या कांठानें नवा रस्ता झाला, वर्तमानपत्रांत वार्ता येऊं लागल्या व १९३४ सालीं एक छायाचित्र जगभर गाजलें. तें खेळण्यांतल्या पाणबुडीवर केलेली बनावट होती, हें १९९४ सालीं उघड झालें. पुढें २०१८ सालीं न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनीं सरोवराच्या पाण्यांत विखुरलेल्या जीवद्रव्याची तपासणी केली. तींत सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस लागला नाहीं. अहिराच्या वर्गांतील माशाचें जीवद्रव्य मात्र विपुल सांपडलें.

या उदाहरणावरून आमच्या डोहांच्या कथाहि तशाच पोकळ आहेत असें कोणी म्हणेल. पण तें बरोबर होणार नाहीं. नेस सरोवर थंड; त्यांत मगर कधींच राहूं शकली नसती. तेथें प्राणी नसतां कथा वाढली. आमच्या नद्यांत धरणारा मगरीसारखा प्राणी, मान काढणारें कासव, ओळीनें पोहणारीं पाणमांजरें व माणसाएवढे वाढणारे मासे यांस योग्य असें पाणी होतें. येथें प्राण्यांमुळें कथा झाली, पुढें प्राणी कमी झाले व कथा मागें उरली. म्हणून दोहोंचें मोलहि सारखें नाहीं.

६. भय व अभय

या कथांचा एक परिणाम मात्र इतिहासकारानें नोंदलाच पाहिजे. ज्या डोहाचें भय, त्याच डोहांतील माशांस अभय, असा प्रकार अनेक ठिकाणीं दिसतो. देहू व आळंदी येथें इंद्रायणींतील महाशीर देवाचे मासे म्हणून राखले जात. यात्रेकरू त्यांस खाऊ घालीत व त्यांस मारणें पाप समजलें जाई. महाड तालुक्यांत काळ नदीवरील वाळणकोंड येथें ही चाल अलीकडेपर्यंत चालत आली आहे. उन्हाळ्यांत नदी तुटल्यावर मूळ बियाणें ज्या पाण्यांत तगून राहतें, नेमका तोच डोह श्रद्धेनें राखला गेला. पावसाळ्यांत तेथूनच मासे वरखालीं पसरत. कोणीं हें हिशेबानें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु फळ तेंच मिळालें.

दख्खनमध्यें माशांविषयींचें ज्ञान केवळ कोळ्याभोयांपुरतें होतें असेंहि नाहीं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे. त्यांत माशांचे प्रकार, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असा भेद, आणि कोणत्या माशास कोणतें आमिष घालावें हें सांगितलें आहे. त्याची ओळख पटविण्याचा प्रयत्न मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं केला होता. संस्कृत पंडित व मत्स्यशास्त्रज्ञ यांनीं एकाच पोथीवर बसल्यास काय लाभ होतो, याचा हा नमुना होय.

७. सांप्रतची स्थिति

इंद्रायणीच्या उगमाकडे लोणावळ्यास वळवण धरण १९१६ च्या सुमारास झालें. पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ सालीं उभा राहिला. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर कारखान्यांचा विस्तार झपाट्यानें झाला. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली व पुढें चाकणचा पट्टा वाढला. या वाढीनें लक्षावधि कुटुंबांस अन्न दिलें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु शहराचें मैलापाणी व कारखान्यांचें सांडपाणी डोहांत सांचूं लागलें. पवनेवर व इंद्रायणीवर जलपर्णीची चादर पसरते, आणि आळंदीस यात्रेच्या दिवसांतहि नदीवर पांढरा फेस तरंगतांना लोकांनीं पाहिला आहे. देहू-आळंदीचे देवाचे मासे त्या पाण्यांत तगूं शकले नाहींत. दैवयोग असा कीं, त्याच इंद्रायणीच्या उगमाकडे, वळवणच्या तलावाशेजारीं, टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रांत १९७० नंतर महाशिराची कृत्रिम पैदास यशस्वी झाली व तेथील पिलें दूरदूरच्या पाण्यांत सोडलीं गेलीं. वंश राहिला, पण त्याचें मूळ स्थान गेलें.

अशा स्थितींत या डोहांत पूर्वीं काय होतें, हें सांगणारे पुरावे तीनच उरतात: साइक्ससारख्यांचीं वर्णनें, जुने कागद व वृद्धांच्या तोंडच्या कथा. पहिलीं छापलेलीं आहेत. उरलेलीं दोन आमच्या वाचकांच्या हातीं आहेत. ज्यांच्या संग्रहीं मोडी दफ्तरें आहेत त्यांनीं देवस्थानांच्या जमाखर्चांत माशांस घातलेल्या कणकेचा किंवा चुरमुऱ्यांचा खर्च, डोहांत जाळें टाकण्याची मनाई, कोळ्याभोयांच्या वतनाचे तंटे व सुसरीनें माणूस किंवा गुरूं नेल्याचा उल्लेख, यांवर नजर ठेवावी. पोथ्यांच्या समासांत पूर, दुष्काळ व अपमृत्यु यांच्या नोंदी असतात. त्या क्षुल्लक समजून सोडूं नयेत. चिंचवडच्या देव संस्थानासारखीं नदीकांठचीं दफ्तरें या दृष्टीनें पुन्हां चाळण्यासारखीं आहेत.

कथा उतरून घेतांना पांच गोष्टी अवश्य विचाराव्या: कोणत्या महिन्यांत पाहिलें, पाणी किती होतें, किती अंतरावरून पाहिलें, एकच होतें कीं अनेक, आणि सांगणाऱ्यानें त्या प्राण्यास स्वतः कोणता शब्द वापरला. हिवाळ्यांत कांठावर पडलेलें, उन्हाळ्यांत मान काढणारें व आषाढांत पुराबरोबर आलेलें, या तीन वर्णनांतील प्राणी तीन असूं शकतात. सांगणाऱ्याचा शब्द बदलून त्याजागीं आपला शास्त्रीय शब्द घालूं नये. कारण सुसर या एका शब्दाचा अर्थ बदलल्यानें केवढा फरक पडतो हें वर दाखविलेंच आहे.

गिऱ्ह्यावर विश्वास ठेवावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या डोहाचें नांव, ज्याच्या आसरांचे तांदळे व ज्याच्या भयाची कथा अद्याप शिल्लक आहे, त्या डोहाची नोंद आज करून ठेवावी. तांदळे रस्तारुंदींत जातील, सांगणारे राहणार नाहींत, व मग पवनेंत एके काळीं काय पोहत होतें हें ठरविण्यास आमच्याजवळ कांहींच साधन उरणार नाहीं. अशी माहिती ज्यांस उपलब्ध असेल त्यांनीं गांव, डोहाचें नांव व कागदाचा शक यांसह ती प्रसिद्ध करावी, अशी त्यांस विनंती आहे.